खोक्यावरचा आकडा

डोंबिवली स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर नानांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दहा बाय बाराचा गाळा, पुढे काउंटर, वर पोटमाळा आणि भिंतीवर ओळीने लावलेली ग्राफिक्स कार्डांची खोकी. खोक्यांवर चिलखत घातलेले योद्धे, आगीचे लोळ आणि कोपऱ्यात ठळक आकडा: 2 जीबी, 4 जीबी, 8 जीबी. कार्डाची खरी कुंडली मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत असते, आणि गिऱ्हाईक खोकं उलटं करून बघत नाही.

“कार्ड दाखवा” म्हटलं की नाना खोकं काढत नसत. आधी विचारत, काम काय करता? मॉनिटर कोणता आहे? आणि कॅबिनेटच्या आत सध्या काय काय बसवलंय? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण अडत. मग नाना म्हणत, “झाकण उघडून फोटो काढून आणा, नाहीतर कॅबिनेटच घेऊन या.” काही जण आणत. बाकीचे शेजारच्या दुकानात जाऊन पाच मिनिटांत कार्ड घेऊन मोकळे होत. ते बघून सुजितचा जीव वरखाली होई. डिप्लोमा करून वर्षभरापूर्वी तो दुकानात लागला होता. आलेलं गिऱ्हाईक हातचं घालवायचं, हा कुठला धंदा, असं त्याला मनापासून वाटे.

2023 च्या दिवाळीआधी एका घाऊक विक्रेत्याने स्कीम काढली. जीटी 730 ची, 4 जीबीची दहा कार्डं विकली की दुकानातल्या पोराला इंडक्शन शेगडी. सुजितच्या आईचा गॅस महिनाअखेरीला ओढाताणीचा असे. त्यामुळे ती शेगडी सुजितच्या डोक्यात बसली, आणि तिथे मी त्याला दोष देणार नाही.

एका गुरुवारी नाना माल आणायला लॅमिंग्टन रोडला गेले. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, दिवसभर त्या गल्ल्यांतून फिरायचं आणि संध्याकाळी दोन जड पिशव्या घेऊन परतायचं, हा त्यांचा जुना शिरस्ता. दुकानात सुजित एकटा. दुपारी सर आले. माध्यमिक शाळेत गणित शिकवणारे, नानांचं जुनं गिऱ्हाईक. 2020 च्या लॉकडाउनमध्ये ऑनलाइन वर्गांसाठी त्यांनी इथूनच असेंबल्ड पीसी नेला होता. महागाई भत्त्याचा फरक नुकताच हातात पडला होता.

“अरे, आमची रेवा इंजिनीअरिंगला आहे. व्हिडिओ एडिट करते, गेमही खेळते. म्हणते, गेम अडकतो. चांगलंसं कार्ड दे. पण जपून, सहा-सात हजारांच्या वर नको.”

सुजितने दोन खोकी काउंटरवर ठेवली. एक जीटी 730, 4 जीबी. दुसरं जीटी 1030, 2 जीबी, दीड हजाराने महाग.

सरांनी चष्मा वर केला. “महाग आणि वर जीबी निम्मी? हे कुठलं गणित?”

इथे सुजितला बोलता आलं असतं. दोन्ही कार्डांत नेमका फरक कशाचा, हे त्याला पूर्ण नाही तरी अर्धंमुर्धं ठाऊक होतं. पण समोरचा माणूस स्वतःच्याच तोंडाने हवं ते खोकं निवडत होता, आणि हे स्कीममधलं सातवं कार्ड होतं.

“चार जीबीच घ्या सर. जास्त आहे.”

सरांनी स्कूटरवर पुढ्यात उभं ठेवून कॅबिनेट आणलं, सुजितने कार्ड बसवलं, मॉनिटरची केबल कार्डाला जोडून दाखवली. विंडोज झकास उघडलं. सर खूश, सुजित त्याहून खूश. गेम चालवून बघायचं कुणालाच सुचलं नाही.

शनिवारी सकाळी दुकान उघडून नाना उदबत्ती लावत होते, तेवढ्यात सर आणि रेवा दारात. सरांच्या काखेत कॅबिनेट, रेवाच्या हातात ते कार्ड, पुन्हा खोक्यात घातलेलं.

“काका, कार्ड लावल्यावर गेम आणखी हळू झाला,” रेवा म्हणाली. जीटीए फाइव्ह आधी सेकंदाला चाळीसेक फ्रेम देत होता, आता पंचवीसच्या वर जात नाही. कार्ड काढून केबल पुन्हा मदरबोर्डला जोडली की चाळीस. पुन्हा कार्ड लावलं की पंचवीस. मुलगी हुशार. तक्रार करण्याआधी तिने आलटूनपालटून तपासून पाहिलं होतं.

“पैसे भरून कॉम्प्युटर मंद करून घेतला असं झालं की हो नाना!” सर हसत म्हणाले, पण त्या हसण्यात राग होता.

नानांनी सुजितकडे पाहिलं नाही. त्यांनी कॅबिनेट आडवं केलं, मागचे दोन स्क्रू हातानेच फिरवले आणि झाकण सरकवलं. आत तीन वर्षांची धूळ. ब्रशने पंख्याची पाती साफ करता करता त्यांनी रॅमच्या दोन स्लॉटवर बोट ठेवलं. एका स्लॉटमध्ये 8 जीबीची स्टिक. दुसरा रिकामा, त्यातली सोनेरी टोकं नव्यासारखी चमकत होती.

“सर, प्रोसेसर कोणता दिला होता आठवतंय? रायझन थ्री 3200जी. 2019 चा. यातला जी म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे. वेगा 8. ते तुमच्या या नव्या कार्डापेक्षा तगडं आहे.”

“मग चार जीबी कुठे गेले?”

“चार जीबी आहेत की. टाकी चार हजार लिटरची आणि तोटी अर्ध्या इंचाची. डोंबिवलीत राहून हे मी तुम्हाला सांगायला नको.”

सरांनी खिशातून पेन काढलं. गणिताचा माणूस, त्याला तोटीचं माप हवं होतं. नाना बोलत गेले आणि सर जुन्या बिलाच्या पाठीवर मांडत गेले. या कार्डाची मेमरी डीडीआर3, रस्ता 64 बिटचा, म्हणजे एका खेपेला 8 बाइट. सेकंदाला फार तर 180 कोटी खेपा. आठ गुणिले 1.8, झाले 14.4 जीबी. आता प्रोसेसरमधलं ग्राफिक्स. त्याला स्वतःची मेमरी नाही, ते कॉम्प्युटरची रॅम वापरतं. तुमची स्टिक 2666 ची. पुन्हा आठ बाइट, आठ गुणिले 2.666, म्हणजे 21.3. यातच प्रोसेसरलाही वाटा द्यायचा.

“आणि या रिकाम्या स्लॉटमध्ये दुसरी स्टिक घातली तर?” रेवाने विचारलं.

“तर दोन रस्ते एकदम चालू. दुप्पट.”

सरांनी 42.6 लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. शाळेत उत्तराखाली मारतात तशा. मग त्यांनी भिंतीवरच्या जीटी 1030 कडे बोट केलं. “आणि ते महागाचं, दोन जीबीचं?”

“48.”

सर बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.

नाना म्हणाले, “तेसुद्धा तुम्हाला नकोच. दोन स्टिकवर तुमचं वेगा त्याच्याच जवळपास जातं. शिवाय त्या नावातही गोम आहे. जीटी 1030 आलं 2017 मध्ये, जीडीडीआर5 मेमरीचं. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर4 वालं आलं, त्याचा वेग 16.8. नाव तेच, जीबी तेवढेच, काम निम्म्याच्या आसपास. खोकं उलटं करून वाचलं तरच कळतं.”

नानांनी दोन हजारांच्या आत 8 जीबीची दुसरी स्टिक लावली, बायोसमध्ये जाऊन दोन्ही दिसतायत याची खात्री केली आणि रेवाला गेम तिथेच चालवायला लावला. तिचा मॉनिटर जुना, 1366 बाय 768 चा, 60 हर्ट्झचा. दुकानातला चाचणीचा मॉनिटरही तसाच. आकडा पंचावन्नच्या वर-खाली हलू लागला. कार्डाचे पैसे नानांनी परत केले, स्टिकचे घेतले.

सर गेल्यावर सुजित बोलणी खायला तयार होऊन उभा होता. नाना काहीच बोलेनात, तेव्हा त्यालाच राहवलं नाही.

“चुकलं माझं. पण नाना, कार्ड इतकं टाकाऊ आहे तर दुकानात आणलंत कशाला? स्कीम तुम्हीच घेतलीत ना?”

प्रश्न वर्मी लागणारा होता. नानांनी तो टाळला नाही. “घेतली. एसएसडीचा माल हवा होता, त्याच्यासोबत ही बारा गळ्यात मारली. मी ती अडलेल्यासाठी ठेवली होती, हौशीसाठी नाही. हे तुला सांगायला हवं होतं, ते राहिलं. पण टाकाऊ म्हणू नकोस. चांगलं कार्ड आहे ते, चुकीच्या घरात गेलं.”

आधी विकलेल्या सहा कार्डांची बिलं नानांनी काढायला लावली. सुजितने सहाही जणांना फोन केले. दोघांची कामं खरोखर त्या कार्डाने झाली होती. एकाने फोन उचलला नाही. दोघांनी परत आणली. सहावा गृहस्थ म्हणाला, “मस्त चाललंय, मी पत्ते खेळतो.” शेगडी अर्थातच राहिली.

परत आलेल्या तीन कार्डांपैकी एक, म्हणजे सरांचंच, दहा दिवसांत गेलं. एक करसल्लागार घाईघाईने आले. रिटर्न भरायच्या तारखा डोक्यावर, आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर काहीच दिसेना. सुजितने या वेळी आधी कॅबिनेट मागवलं. प्रोसेसर आय3 10100एफ. शेवटी एफ असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरात ग्राफिक्स चालू नसतं. वेगळं कार्ड लागतंच, आणि त्यांचं जुनं कार्ड जळलं होतं. काम काय? टॅली, एक्सेल, जीएसटीचं पोर्टल. मॉनिटर दोन, एक एचडीएमआयचा, एक जुना व्हीजीएचा. गेमिंगच्या नव्या कार्डांवर व्हीजीएचं तोंडच नसतं. त्यांना कन्व्हर्टर लावत बसावं लागलं असतं. जीटी 730 वर दोन्ही तोंडं होती. सुजितने ते दिलं आणि न विचारता सांगितलं की हे 2014 चं मॉडेल आहे, उघडलेलं आहे म्हणून पाचशे कमी, 2021 नंतर नव्या गेमसाठी याचे ड्रायव्हर येत नाहीत, तेव्हा घरी मुलाच्या कॉम्प्युटरला लावायला नेऊ नका. ते म्हणाले, “मला गेमशी काय करायचंय? पडदा दिसला पाहिजे.”

पुढच्या उन्हाळ्यात रेवा पुन्हा आली. या वेळी एकटी, आणि स्वतःच्या पैशांनी. लग्नाचे व्हिडिओ एडिट करून तिने अठरा हजार साठवले होते. मॉनिटर नवा घेतला होता, फुल एचडीचा. त्यावर वेगा 8 ची दमछाक होऊ लागली होती. नाना पोटमाळ्यावर माल लावत होते, खाली सुजित.

“एका मित्राकडे आरएक्स 580 मिळतंय, 8 जीबी, सहा हजारांत. घेऊ का?”

सुजितने आधी काम विचारलं, मग झाकण उघडलं. 580 तिच्या कामाचं का नाही, हे त्याने तिला कॅबिनेटमधल्या एसएमपीएसवरून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावरूनच दाखवलं. तो कॅबिनेटसोबत फुकट आलेला, वर 450 वॉटचा कागद चिकटवलेला. उचलला तर हातात पोकळ लागेल इतका हलका. 580 ला 185 वॉट लागतात. शिवाय त्या कार्डाचा पूर्वजन्म कोण सांगणार? 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचं मायनिंग बंद केलं, त्यानंतर महिनोन् महिने रात्रंदिवस तापलेली कार्डं पुसून-पासून बाजारात आली. त्यात 2048 एसपी असं शेपूट लावलेलं 580 म्हणजे प्रत्यक्षात 570 च. आणि काही कार्डं तर नाव बदलूनच विकली जातात: आतली चिप दहा वर्षं जुनी, बायोसमध्ये फेरफार करून नाव जीटीएक्स 1050 टीआय. जीपीयू-झेड नावाची छोटीशी फुकट प्रणाली असली बनावट कार्डं पकडते. जुनं कार्ड घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी ती चालवून बघावी. सुजितने ती पेनड्राइव्हवर कायमची ठेवली होती.

“मग आरएक्स 6400? त्याला वेगळी वायरही लागत नाही.”

“53 वॉटच लागतात, खरंय. पण दोन अडचणी. ते स्लॉटमधल्या चारच लेन वापरतं, तुझा बोर्ड तिसऱ्या पिढीचा, तिथे ते रखडतं. आणि त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही. तू एडिटिंग करतेस ना? रेंडरला सगळा भार प्रोसेसरवर.”

आता उरली दोन. आरएक्स 6600, 8 जीबी. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये नुकतंच आलेलं आरटीएक्स 3050, 6 जीबी. रेवाने सगळीकडे वाचलं होतं की 6600 कितीतरी वेगवान आहे, आणि ते खरंच होतं. सुजितने तेही लपवलं नाही. फक्त 6600 ला 132 वॉट आणि आठ पिनांची वायर लागते, म्हणजे चांगला एसएमपीएस, म्हणजे आणखी तीन-चार हजार. आणि चार कोरचा जुना प्रोसेसर त्या कार्डाला पुरेसं काम पुरवू शकणार नाही, त्यामुळे ते बराच वेळ हात बांधून बसेल. 3050 चं हे 6 जीबीचं रूप 70 वॉटमध्ये स्लॉटवरच चालतं, आणि त्यात एन्कोडर चांगला आहे.

“म्हणजे हे नेहमीचंच 3050, फक्त दोन जीबी कमी?”

सुजितने खोकं उलटं केलं. “नाही. दोन जीबी हे नुसतं दिसणारं. 8 जीबीवाल्यात कोर 2560, यात 2304. रस्ता तिकडे 128 बिटचा, इकडे 96 चा. नाव तेच ठेवलंय. तुला हे माहीत असूनही परवडत असेल तर घे.”

माझं मत विचाराल तर वर्षभरात प्रोसेसर बदलायचा बेत असलेल्याने 6600 आणि चांगला एसएमपीएस घ्यावा, आणि मधले काही महिने कळ काढावी. रुपयामागे मिळणारा वेग बघितला तर 3050 चं हे रूप महागच पडतं. पण रेवाचं शेवटचं वर्ष होतं. नोकरी लागली की लॅपटॉप मिळणार, आणि हा कॉम्प्युटर सरांच्या प्रश्नपत्रिकांना उरणार. त्यात आणखी पैसे ओतायची तिची तयारी नव्हती. तिने 3050 घेतलं.

बिल करताना सुजितने तिला मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या तोंडातून काढून कार्डाच्या तोंडाला लावायची आठवण केली. नवं कार्ड घेऊन जुन्याच तोंडाला केबल ठेवणारे आणि महिनाभराने “काही फरक नाही” म्हणत येणारे त्याने बरेच पाहिले होते. वरून नानांनी विचारलं, “झालं का रे तिचं?” सुजित म्हणाला, “झालं. आणि त्या स्कीमवाल्याला नाही म्हणून सांगितलंय, दिवाळीचा माल विचारत होता.” नानांनी “बरं” म्हटलं आणि खोकी सरकवायला लागले.

तुम्हीही यंदा कार्ड घ्यायला निघाला असाल तर आधी घरच्या कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर टिचकी मारली की स्लॉट्स यूज्ड असं लिहिलेलं दिसेल. प्रोसेसरात ग्राफिक्स असेल आणि तिथे दोनपैकी एकच स्लॉट वापरात दिसला, तर कार्डाच्या दुकानात जायची घाई करू नका. आधी तो दुसरा स्लॉट भरा, आठवडाभर वापरून बघा, आणि मगच खिशात हात घाला.